मागून बसणारी गाडी

सगळी नोकरी मी जंगल नाक्यावर केली. जोयडा तालुक्यातल्या माणसाला नाका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला एक खोली, आणि जाणाऱ्या गाडीत चोरून तोडलेलं सागवान नाही ना, हे बघणारा एक माणूस. तो माणूस मी. गाडी समोर आली की मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे आधी बघत नसे, कारण तोंड कसं ठेवायचं ते ड्रायव्हर लोक शिकूनच येतात. मी मागच्या चाकांकडे बघे. गवताचा ट्रक म्हणून सांगताय आणि गाडी मागून एवढी बसलीय, म्हणजे गवताखाली दुसरं काहीतरी आहे. मग लांब सळई घ्यायची आणि गवतात खुपसायची. लाकडाला टेकली की हाताला लगेच कळतं. माझी सळई सहसा रिकामी आली नाही.

निवृत्त होऊन घरी बसलो तरी ही सवय जाईना. गॅसची टाकी आली की मी ती स्वतः उचलून बघायचो. दूधवाल्याच्या मापात बोट घालायचो. शेजारी नवं कुंपण घालायला लागला, तेव्हा त्याचे खांब कुठल्या झाडाचे हे मी भिंतीवरून वाकून बघितलं. बायको म्हणायची, ‘‘अवो, आता पगार बंद झालाय, काम बी बंद करा की.’’ पण लोक लबाडी करायचे थांबले होते का? मग मी का थांबू?

आमचा एकच मुलगा. गणेशगुडीला नदीकाठच्या एका लॉजवर तो कामाला आहे, पर्यटकांना काळी नदीत रबरी होडीतून फिरवून आणतो. सून इथल्याच शाळेत शिकवते. तिचं माहेर खानापूरकडचं. एका रविवारी ती माहेरी निघाली, तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि उजवीकडची जड होती, हे तिच्या खांद्यावरून सरळ दिसत होतं. ‘‘काय हाय त्यात?’’ मी विचारलं. एवढंच. पिशवीला हात लावला नाही, हे आजही शपथेवर सांगतो. तिने पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि एकेक जिन्नस काढून फरशीवर मांडला. फणसाचे पापड, सुकी कोकमं, आईसाठी घेतलेलं एक पातळ, मुलांच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मग सगळं परत भरून ती बसला गेली. आली ती बोलणं बंद करूनच आली.

त्यानंतर मुलाने मला सांगितलं, ‘‘आप्पा, आमी बेळगावला खोली बघतोय. दिवाळी झाली की जाणार.’’ कारण मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बायको मात्र त्या दिवसापासून जेवायला बसली की नुसती ताटात बोटं फिरवत राहायची. मला काळजी नव्हती असं नाही. हे घर दोघांसाठी फार मोठं होतं, आणि त्या दोघांतली एक माझ्यावर रागावलेली. पण विचारण्यात माझी काय चूक, हे मला कोणी सांगत नव्हतं.

अशात गाडीचा विषय निघाला. तोही मुलानेच काढला, हे लक्षात ठेवा. महिना महिना माझ्याशी हवापाण्यापलीकडे न बोलणारा मुलगा एक दिवस आपण होऊन ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, ‘‘लॉजच्या मालकाला गाडी काढायची हाय. जर्मन गाडी, जुनी हाय पण मोठ्या लोकांची. अगदी पडेल भावात देतोय. तुमाला बघायची काय?’’

आता हे खरं की असल्या गाडीची मला फार जुनी हौस. गोव्याकडे जाणाऱ्या असल्या गाड्या नाक्यावर थांबायच्या. मी आत डोकावलो की थंड हवा तोंडावर यायची, मागच्या सीटवर कोणीतरी अंगावर शाल घेऊन झोपलेलं असायचं, आणि दार बंद झालं की आवाज फक्त ‘धप्प’ एवढाच. आमच्या जीपचं दार लावायचं म्हणजे साऱ्या गावाला वर्दी. एकदा तरी त्या थंड हवेत बसावं असं मला वाटायचं, आणि ते मी एकदा बायकोजवळ बोललोही होतो. पण हौस वेगळी आणि भोळेपणा वेगळा. चांगली गाडी पडेल भावात कोण देतो?

मी बायकोकडे बघितलं. ही बाई कुकरची रबरी रिंग बदलायची तर चार दुकानं फिरून येते आणि शेवटी जुनीच उलटी घालून वापरते. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘‘घ्या की. जरा फिरायला व्हईल.’’ वर बघितलंसुद्धा नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

गाडी बघायला गणेशगुडीला गेलो. गर्द निळी, लांबलचक, चिंचेच्या सावलीत उभी. मालक मऊ बोलणारा माणूस. त्याने किल्ली माझ्या हातात दिली, ‘‘सगळं नीट बघून घ्या’’ म्हणाला आणि आत निघून गेला. विकणारा माणूस आपल्या वस्तूची तारीफ करत नाही, हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मी चहूबाजूंनी पत्रा बोटाच्या पेराने वाजवून बघितला. सीटच्या फटींत बोटं घातली. वास घेतला. आत कसल्यातरी फुलांचा अत्तरासारखा वास मारत होता, आणि एवढं अत्तर माणूस कशासाठी मारतो, तर दुसरा कुठला तरी वास दाबायला. पण तो दुसरा वास काही मला सापडेना.

तेवढ्यात माझा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, रामनगरला त्याचं गॅरेज आहे. हाही मुलानेच बोलावलेला. तो गाडीखाली सरकला, बराच वेळ आतच होता. हा माणूस एरवी सायकलच्या पंपातही खोडी काढतो. बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘घ्या दाजी. डोळं झाकून घ्या.’’

डोळे झाकून! मला! मी त्याच्याकडे नीट बघितलं, तर तो लगेच फडका झटकायला लागला. सगळेच घ्या घ्या म्हणत होते आणि कोणीच माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. शहाण्या माणसाने तिथूनच घरची वाट धरली असती. पण मी तोवर आत बसून दार लावलं होतं, आणि ते ‘धप्प’ वाजलं होतं.

गाडी घेतली. येताना रस्त्याकडेच्या राखणदाराच्या दगडाजवळ थांबून नारळ ठेवला, आमच्याकडे नवी गाडी त्याला सांगितल्याशिवाय पुढे नेत नाहीत. घरी बायकोने चाकाखाली लिंबू ठेवलं, कुंकू लावलं. सून दारात उभी राहून बघत होती, पण पुढे आली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो, तर गाडी मागून बसलेली.

म्हणजे चांगली बसलेली. मागची चाकं निम्मी पत्र्याच्या आत. आदल्या संध्याकाळी मी स्वतः लावली होती तेव्हा ती सरळ होती. आता ह्याचा अर्थ मला कोणी शिकवायची गरज होती का? रात्रीतून कोणीतरी डिकीत माल भरला होता. जड माल, लाकूडच. एवढी थाटाची गाडी, तीही नाक्यावरच्या जुन्या माणसाची. तिला कोण अडवणार?  डिकी उघडायला गेलो आणि मनात म्हटलं, थांब. आत्ता उघडून माल सापडेल, माणूस सापडणार नाही. गाडी चालू करून जरा पुढे घेतली, तर थोड्या वेळाने ती आपली पुन्हा वर आलेली. म्हणजे माल कोणीतरी मधल्या मधे काढलाही होता! कधी काढला हे मला उमजेना, पण चोर हुशार आहे एवढं कळलं.

त्या संध्याकाळी मी डिकीच्या फटीवर एक केस आडवा धरला आणि भाताच्या शिताने दोन्ही बाजूंनी चिकटवला. नाक्यावर सील केलेल्या गाड्यांना आम्ही हेच करायचो. सकाळी केस जागच्या जागी, आणि गाडी बसलेली. ह्यावरून मी काय ठरवलं? केस काढून परत चिकटवणारा माणूस घरातलाच असला पाहिजे. शीत आपल्याच पातेल्यातलं ना.

माझा संशय मुलावर गेला. नदीवर काम, सगळ्या तऱ्हेच्या माणसांशी ओळख, आणि बेळगावला खोली घ्यायची म्हणजे पैसा लागणार. गाडी त्यानेच माझ्या गळ्यात मारली होती. सगळं कसं चोख जुळत होतं. तिसऱ्या सकाळी गाडी बसलेली दिसताच मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात सळई. ‘‘उघडू काय?’’ मी मुलाला विचारलं. ‘‘उघडा की,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘अजून वेळ गेली न्हाई, सांगून टाक.’’  मी डिकी उघडली. आत काही नव्हतं. मी सळई खालच्या गालिच्यात खुपसली. ती पलीकडच्या पत्र्याला लागून टण्ण वाजली.

 आणि मग सून हसली. तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, खांबाला टेकून हसली. पिशवीच्या त्या रविवारापासून तिच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं, आणि आता हे. बायकोही हसायला लागली. मी इतका संतापलो की सळई अंगणात फेकली आणि मेव्हण्याला फोन लावला.

‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘ती गाडी कमानपाट्यावर उभी ऱ्हात न्हाई. हवेवर उभी असते. खाली रबराचे फुगे असतात. त्यातनं हवा जराजरा जाते, मग रात्रीत बसते. चालू केली की पंप हवा भरतो, उठती.’’

हवा! सगळी उमर मी मागून बसलेल्या गाड्या पकडल्या आणि ही गाडी हवेने बसत होती. ‘‘मग हे तू बघायला आलास तवा का सांगितलं न्हाईस?’’ मी ओरडलो. तो म्हणाला, ‘‘इसरलो की.’’ मेव्हणा विसरणारा माणूस नाही. हेही मी मनात ठेवलं.

पुढचं सगळं वर्ष गाडीने मला एक दिवस रिकामं बसू दिलं नाही. मागचे फुगे बदलले, तर पुढचा पंप अडायला लागला. तो झाला, तर समोरच्या काचेखाली कसले कसले दिवे लागायला लागले. एक पिवळा, एक लाल, एक इंजिनाच्या चित्राचा. मेव्हणा एक छोटं यंत्र वायरीला जोडून बघायचा, त्यात अक्षरं उमटायची, दिवा विझायचा आणि जगलबेटच्या पुढे यायच्या आत दुसरा लागायचा. गाडी न चालवता चार दिवस ठेवली की बॅटरी मरायची. कुठेतरी काहीतरी वीज पीत होतं. मी एकेक फ्यूज काढून, एकेक दिवा बघून ते शोधलं. आरशाजवळचा छोटा दिवा बंद होत नव्हता, झाकण लावल्यावर आतल्या आत जळत राहायचा. तो सापडला त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो सागवानाचा मोठा ट्रक पकडल्यावरही झाला नव्हता.

सामान हुबळीहून यायचं. जुनं की नवं, खोक्यावरचं लेबल पुन्हा चिकटवलेलं आहे की काय, हे मी नखाने उचकटून बघायचो. गाडी सर्व्हिसिंगला रामनगरला नेली की मी गॅरेजमध्ये स्टूल टाकून समोरच बसायचो, चहाला म्हणूनही उठायचो नाही. ऑईल ओततात की ओतल्यासारखं करतात, फिल्टर बदलतात की फुंकर मारून परत बसवतात, हे स्वतः बघायचं. मेव्हणा कधी चिडला नाही. त्याची एक सवय आहे. प्रत्येक स्क्रू कसून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका देतो, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणी तो उघडला तर ठिपका तुटतो. ह्या एका गोष्टीसाठी तो मला आवडायचा. हा माणूस माझ्याच जातकुळीचा, असं वाटायचं.

रविवारी गाडी बाहेर काढायची. कधी गणेशगुडीपर्यंत, कधी कुळगीकडे जंगलाच्या रस्त्याने. पहिल्यांदा मी एकटाच जायचो. मग बायको यायला लागली. आणि एका रविवारी सून मागच्या सीटवर येऊन बसली, काही न बोलता, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. त्या थंड हवेत तिने त्या तपासल्या. का आली, हे मला कळेना. मी आरशातून दोनदा बघितलं. तिने वर बघितलं, मी रस्त्याकडे बघायला लागलो.

संध्याकाळी मी हात धुऊन ओसरीवर बसलो की चहा यायचा आणि त्याच्यासोबत सुनेचा प्रश्न. ‘‘मामा, आज काय सापडलं?’’ पहिल्यांदा मला वाटलं टोमणा मारतेय. पण ती खरंच ऐकायची. मी सांगायचो, पुढच्या डाव्या बाजूला टकटक येतेय, मेव्हणा म्हणतो रबर गेलं, पण मला त्याचं पटत नाही. मग मुलगाही यायचा, गाडीवर दोन शब्द बोलायचा. दूधवाल्याच्या मापात बोट घालायचं माझ्या ध्यानातून कधी गेलं, ते मलाही सांगता येत नाही. दिवाळी आली आणि गेली. बेळगावचं कोणी नाव काढलं नाही. त्याचाही मला संशयच आला. गुपचूप बेत चाललाय आणि ऐनवेळी सांगणार, असं धरून मी चाललो होतो. पण गाडीत इतकं काही निघत होतं की तो संशय नीट लावून धरायला सवड मिळाली नाही.

पावसाळा संपता संपता उजव्या बाजूच्या मागच्या दाराची काच अडकली. बटण दाबलं की आत घरघर, काच जागची हलेना. ह्या दाराचं आतलं पॅनेल गाडी घेतल्यापासून एकदाही कोणी खोललेलं नव्हतं. हे मी खात्रीने सांगतो, कारण गाडी गॅरेजमध्ये असताना मी कायम समोर असायचो. म्हटलं, एवढ्यासाठी रामनगरला कशाला जायचं, आपणच आतलं पॅनेल काढूया. बसलो अंगणात. कातडी कड उचलून पहिला स्क्रू उघडायला गेलो, तर त्यावर पिवळा ठिपका.

दुसऱ्यावर ठिपका. तिसऱ्यावर ठिपका.

मी स्क्रू सोडले. पॅनेल ओढून काढलं. आत दाराच्या तळाला बोटभर जाड मऊ गाळ बसला होता, वाळून भेगा पडलेला. बोटावर घेऊन चोळला. रस्त्याची धूळ अशी नसते. रस्त्याची धूळ इथे लाल असते. हा काळपट, आणि त्याला नदीचा वास. मग मी सीटचा पट्टा धरला आणि पूर्ण ओढून काढला. एरवी कधी बाहेर येत नाही त्या टोकाला एक डागाची आडवी रेघ होती. पलीकडच्या पट्ट्यावरही तेवढ्याच उंचीवर. ह्या गाडीत नदीचं पाणी सीटपर्यंत चढलं होतं. नदीकाठच्या लॉजवर उभी असताना कुठल्यातरी पावसाळ्यात ती बुडाली होती, आणि मी विकत घेण्याआधी मेव्हण्याने हे पॅनेल खोलून बघितलं होतं, साफ करताना तळाचा गाळ तेवढा राहून गेला होता, आणि तोच माणूस मला डोळे झाकून घ्या म्हणाला होता.

वर्षभर मी ज्याला शोधत होतो तो सापडला. दार तसंच बिनपॅनेलचं लावलं, पॅनेल मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी रामनगरला काढली. कोणाला सांगितलं नाही. वाटेत मी काय काय बोलणार ते सगळं ठरवलं. लॉजच्या मालकाकडून किती खाल्लंस, हे पहिलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला फसवलंस, हे दुसरं.

मेव्हणा एका जीपच्या बोनेटमध्ये वाकला होता. मी तो गाळ रुमालात बांधून नेला होता, तो त्याच्यासमोर बाकावर उलटा केला. त्याने गाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ह्या वेळी त्याने डोळा चुकवला नाही.

‘‘बुडलेली हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मला म्हाईत होतं.’’

‘‘मालकानं तुला किती दिलं?’’

‘‘मालक बिचारा पयल्या दिवशीच खरं बोलला. म्हणून तर त्या भावात दिली. तुमच्या पोराला म्हाईत होतं. अक्काला बी म्हाईत होतं.’’ अक्का म्हणजे माझी बायको. ‘‘मी अक्काला म्हटलं, ह्याच्यापरास एक बरी गाडी हाय माझ्याकडं, ती देऊया दाजींना. तर ती म्हणाली, नको. चांगल्या गाडीत ह्यांना काय सापडणार? चार दिवसांत परत माणसांकडं वळतील. पोरं जाणार हायत घर सोडून, कायतरी कर.’’

 बोलायचं ते सगळं वाटेत ठरवलेलं होतं, पण त्यातलं एकही ह्याला लागू पडत नव्हतं.

‘‘जिवावरचं काय बी ठेवलं न्हाई, दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘ब्रेक, स्टेअरिंग, इंजिन, सगळं आधी उघडून साफ केलं. तुमाला कळू न देता केलं. बाकीचं तेवढं तुमच्यासाठी ठेवलं.’’

मी परत निघालो. मेव्हण्याने दाराचं पॅनेल तात्पुरतं लावून दिलं, मी नको म्हणालो तरी. खरं सांगतो, रस्ताभर माझा राग उतरला नाही. एका येड्या माणसाला खेळायला खुळखुळा द्यावा तशी ह्यांनी मला गाडी दिली होती. माझं घर, माझी बायको, माझा मुलगा, आणि सगळे एका बाजूला. मी ठरवलं, आत जाऊन सांगायचं, जा तुम्ही बेळगावला, आत्ताच्या आत्ता जा, आणि ही गाडीही घेऊन जा.

घरी पोचलो, तेव्हा तिघंही ओसरीवर होती. मेव्हण्याने फोन केला होता हे बघताक्षणी कळलं. मुलगा हातात मोबाईल धरून होता, पण त्यात बघत नव्हता. बायको उंबऱ्यात, एक हात चौकटीवर. चहा तयार होता. मी हात न धुताच बसलो. सुनेने कप माझ्यासमोर ठेवला, तेव्हा तो बशीत वाजला.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, रोज म्हणायची तसंच, पण आवाज अगदी बारीक. ‘‘आज काय सापडलं?’’

मी तिघांच्या तोंडाकडे बघितलं. ती भीती मला चांगली ओळखीची होती. नाक्यावर ती कोणाच्या तोंडावर दिसली की मला बरं वाटायचं, कारण मग सळई रिकामी यायची नाही. माझ्या ओसरीवर, माझ्या माणसांच्या तोंडावर ती बघवेना. ह्या तिघांनी चोरलेलं काही नव्हतं. त्यांना फक्त माझ्याबरोबर राहायचं होतं, आणि ते कसं जमवावं हे त्यांना कळत नव्हतं. 

‘‘काचेची मोटर गेलीय,’’ मी म्हटलं. ‘‘दारात सगळी धूळ भरलीय.’’

‘‘धूळच?’’ बायकोने विचारलं.

‘‘धूळच. मग काय असणार?’’

मुलाने मोबाईल खाली ठेवला. सून माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. एवढ्या दिवसांत ती कधी माझ्या शेजारी बसली नव्हती. ‘‘उद्या सुट्टी हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘मी बॅटरीचा उजेड धरते, तुमी साफ करा.’’

‘‘धर,’’ मी म्हटलं. तिने डोळे पुसले. कशाने आलं डोळ्यांत पाणी, हे मी तिला विचारलं नाही.